हस्तसंकेत, दुचाकीस्वार आणि रस्त्याचे अर्थशास्त्र

मराठीत ‘संकेत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. खूण हा एक अर्थ, आणि सर्वांनी मान्य केलेली रूढी हा दुसरा. मोटारसायकलस्वार वळण्यापूर्वी हात बाहेर काढतो तेव्हा हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. हात ही खूण असते. परंतु त्या खुणेचा अर्थ मागून येणाऱ्या चालकालाही तसाच ठाऊक असणे ही रूढी असते. रूढीशिवाय केलेली खूण निरुपयोगी तर ठरतेच, प्रसंगी घातकही ठरते. वरवर किरकोळ वाटणारा हा विषय माहिती, समन्वय आणि शासनाची भूमिका या अर्थशास्त्रातील तीन महत्त्वाच्या संकल्पनांशी जोडलेला आहे. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी त्याकडे त्या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरेल.

प्रश्नाची व्याप्ती

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. मृतांमध्ये दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे ४४.५ टक्के होते. अपघातांच्या प्रकारांत मागून बसलेल्या धडकेचा वाटा सुमारे एकपंचमांश होता. अर्थात, या सर्व अपघातांचे मूळ संकेतांच्या अभावात आहे असे म्हणता येणार नाही. त्याच अहवालात सात दशांशाहून अधिक अपघातांची नोंद अतिवेगाखाली झाली आहे. तथापि, मागून बसणारी धडक किंवा ओलांडताना होणारी टक्कर यांत एका चालकाला दुसऱ्याचा हेतू वेळेवर न कळणे हा घटक अनेकदा दडलेला असतो.

वेळेचे महत्त्व साध्या गणिताने स्पष्ट होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यात वाहन २५ मीटर पुढे गेलेले असते. पुढील स्वाराने आपला हेतू तीन सेकंद आधी दर्शविला, तर मागील चालकास ५० मीटरचे अंतर विचारासाठी मिळते. या लाभासाठी खर्च मात्र जवळजवळ शून्य असतो.

संकेतामागील अर्थशास्त्र

पुढील स्वाराला आपण कोठे वळणार हे ठाऊक असते. मागच्याला ते ठाऊक नसते. माहितीच्या या विषम वाटपाला अर्थशास्त्रात असममित माहिती म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच विषयावरील कार्यासाठी मिळाले. स्पेन्स यांनी १९७३ मध्ये असे दाखविले की, नोकरीच्या बाजारात शिक्षण हा संकेत विश्वासार्ह ठरतो, कारण तो मिळविणे खर्चिक असते आणि कमी क्षमतेच्या उमेदवाराला तो खर्च अधिक जड जातो.

रस्त्यावरील हस्तसंकेत मात्र विनामूल्य असतो. मग त्यावर विश्वास का ठेवावा? याचे उत्तर हितसंबंधांत आहे. नोकरी मागणारा आणि देणारा यांचे हित काही अंशी परस्परविरोधी असते. टक्कर मात्र दोघांनाही नको असते. जेथे हित समान असते तेथे फुकटचा शब्दही विश्वासार्ह ठरतो. याउलट, अरुंद पुलावर आधी कोणी जायचे असा प्रश्न असतो तेव्हा हित विरोधी बनते, आणि तेथे संकेताचे रूपांतर दबावात होते. अशा ठिकाणी कर्णा आणि प्रखर दिवा माहिती देण्याऐवजी धाक दाखविण्यासाठी वापरला जातो, तो यामुळेच.

समान हित असले तरी एक अडचण उरते. हात वर केल्याचा अर्थ ‘थांबतो आहे’ असा घ्यायचा की ‘पुढे जा’ असा, हे आधी ठरलेले असावे लागते. अर्थशास्त्रज्ञ याला समन्वयाचा प्रश्न म्हणतात. थॉमस शेलिंग यांनी १९६० च्या ‘द स्ट्रॅटेजी ऑफ कॉन्फ्लिक्ट’ या ग्रंथात अशा प्रश्नांची मूलभूत चर्चा केली. पुढे २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अनेक पर्याय सारखेच चांगले असताना सर्वांची निवड एकाच पर्यायावर येणे येथे महत्त्वाचे असते. वाहने डावीकडून चालवावीत की उजवीकडून, याला स्वतःचे असे बरोबर उत्तर नाही. सर्वांनी एकच बाजू निवडणे हेच बरोबर उत्तर होय.

कायद्यातील पाच खुणा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२१ नुसार चालकाने विहित प्रसंगी विहित संकेत देणे आवश्यक आहे. वळण्याचा वा थांबण्याचा संकेत यांत्रिक किंवा विद्युत साधनाने देण्याची मुभाही त्याच कलमात आहे. रस्ता नियम विनियम, १९८९ मध्ये हाताच्या पाच खुणांचे वर्णन होते. २०१७ मध्ये या विनियमांची जागा नव्या वाहनचालन विनियमांनी घेतली. तथापि, भारतीय चालकांच्या पिढ्या ज्या खुणा शिकल्या त्या याच होत.

१. वेग कमी करताना : उजवा हात बाहेर लांबवून, तळवा खाली ठेवून, हात अनेकदा वर-खाली हलविणे.
२. थांबताना : उजव्या हाताचा कोपरापुढील भाग वाहनाच्या उजव्या बाजूस सरळ उभा धरणे.
३. उजवीकडे वळताना : उजवा हात आडवा लांबविणे, तळवा पुढील दिशेस.
४. डावीकडे वळताना : उजवा हात लांबवून घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने गोल फिरविणे.
५. मागील वाहनास पुढे जाऊ देताना : उजवा हात आडवा लांबवून मागून पुढे अर्धवर्तुळाकार हलविणे.

पाचही खुणा उजव्या हाताच्या आहेत, ही बाब विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. भारतात वाहने डावीकडून चालतात, मोटारीचे सुकाणू उजवीकडे असते आणि खिडकीबाहेर येऊ शकणारा हात उजवाच असतो. डावीकडे वळण्यासाठीही उजवा हात गोल फिरवावा लागतो, तो यामुळे. ही खूण मोटारचालकाच्या आसनावरून घडविलेली आहे.

उजव्या हाताची अडचण

मोटारसायकलस्वाराची स्थिती वेगळी असते. त्याच्या उजव्या मुठीत वेगनियंत्रक म्हणजे ॲक्सिलरेटर असतो आणि पुढील चाकाच्या ब्रेकची कळही उजवीकडेच असते. खूण करण्यासाठी त्याने उजवा हात उचलला की दोन गोष्टी घडतात. इंधनपुरवठा कमी होऊन वाहनाचा वेग आपोआप घटू लागतो. आणि ब्रेक दाबलेला नसल्यामुळे मागील तांबडा दिवा लागत नाही. शिवाय, त्या क्षणी पुढचा ब्रेक स्वाराच्या हाती नसतो. म्हणजे सुरक्षिततेसाठी दिलेला संकेत काही क्षणांपुरती सुरक्षितता कमी करतो.

अमेरिकेतील परिस्थितीशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. तेथे वाहने उजवीकडून चालतात, सुकाणू डावीकडे असते आणि खिडकीबाहेर डावा हात येतो. मोटारसायकलचा ॲक्सिलरेटर मात्र तेथेही उजवीकडेच असतो. परिणामी, मोटारचालकाचा मोकळा हात आणि मोटारसायकलस्वाराचा मोकळा हात योगायोगाने एकच ठरला, आणि एकच खूण दोघांना चालली. भारतात हे दोन हात परस्परविरुद्ध आहेत. एका वाहनासाठी तयार झालेले मानक दुसऱ्या वाहनास लागू केल्यावर जो खर्च उद्भवतो, त्याचे हे उत्तम उदाहरण आहे. जुन्या निवडीची अशी पकड पुढील काळावर राहणे यास पथावलंबित्व म्हणतात. पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये टंकलेखन यंत्रावरील अक्षरांच्या मांडणीचे उदाहरण घेऊन ही संकल्पना प्रसिद्ध केली.

दिशादर्शक दिव्यांनी ही अडचण मोठ्या प्रमाणात दूर केली आहे. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारातही हाच क्रम आहे : प्रथम दिशादर्शक, आणि तो नसल्यास शक्य असेल तर हाताची खूण. मात्र वळण झाल्यावर दिवा बंद करण्यास विसरणारे स्वार सर्वत्र दिसतात. असा सतत लुकलुकणारा दिवा कोणतीही माहिती देत नाही. उलट इतरांच्या दिव्यांवरील विश्वासही तो कमी करतो. अर्थशास्त्रात यास नकारात्मक बाह्यता म्हणतात, कारण एकाच्या निष्काळजीपणाची किंमत इतरांना मोजावी लागते.

गटाची सांकेतिक भाषा

समूहाने प्रवास करणाऱ्या मोटारसायकलस्वारांनी आपली स्वतंत्र भाषा विकसित केली आहे. अमेरिकेतील मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने अशा खुणांची प्रमाणित यादी प्रसृत केली असून, भारतातील स्वारगटही कमीअधिक फरकाने तशाच खुणा वापरतात. डाव्या हाताचे एक बोट वर केल्यास एका ओळीत, दोन बोटे वर केल्यास दोन ओळींत चालावे. तळवा खाली ठेवून हात खाली आणल्यास वेग कमी करावा. इंधनाच्या टाकीकडे बोट दाखविल्यास इंधन भरावयाचे आहे. रस्त्यात डावीकडे खड्डा असल्यास डाव्या हाताने, आणि उजवीकडे असल्यास उजव्या पायाने तो दाखवावा. उजवा हात मुठीवरून न काढण्याचा विवेक या शेवटच्या खुणेत स्पष्ट दिसतो.

हे संकेत कोणत्याही कायद्याने लादलेले नाहीत. लहान गटात सदस्य एकमेकांना ओळखतात, निघण्यापूर्वी खुणांची उजळणी करतात आणि चूक लगेच सुधारतात. त्यामुळे तेथे स्वेच्छेने निर्माण झालेली रूढी पुरेशी ठरते. महामार्गावर मात्र एकमेकांना पुन्हा कधीही न भेटणारे लक्षावधी चालक असतात. गटाला जे आपसांत ठरविता येते, ते महामार्गाला ठरविता येत नाही.

अर्थ हरवलेले संकेत

समोरून येणारा स्वार पंजा उघडझाप करून दाखवतो, ही खूण परिचित आहे. ‘तुमचा दिवा दिवसाढवळ्या चालू आहे’ असा तिचा अर्थ. १ एप्रिल २०१७ पासून उत्पादित होणाऱ्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागण्याची व्यवस्था भारतात बंधनकारक झाली. त्यानंतर या खुणेचे प्रयोजन बहुतांशी संपले. तरी ती केली जात राहिली. नियम बदलला म्हणजे रूढी लगेच बदलते असे नाही, हे यावरून दिसते. येथे हानी मात्र काहीच होत नाही.

दुसरे उदाहरण गंभीर आहे. दुपदरी महामार्गावर पुढील ट्रकचा उजवा दिशादर्शक लुकलुकू लागला, तर कायद्याच्या दृष्टीने ट्रक उजवीकडे वळणार आहे किंवा उजवीकडे सरकणार आहे. परंतु देशाच्या अनेक भागांत ट्रकचालक हाच दिवा ‘समोर रस्ता मोकळा आहे, पुढे जा’ असे सांगण्यासाठी वापरतात. म्हणजे एकाच खुणेचे दोन अर्थ आहेत आणि ते परस्परविरुद्ध आहेत. मागील मोटारसायकलस्वाराने दुसरा अर्थ घेतला आणि ट्रकचालकाला पहिला अभिप्रेत असला, तर स्वार थेट वळणाऱ्या ट्रकच्या बाजूवर जाऊन आदळतो. अशा गैरसमजात ट्रकचालकाला सहसा इजा होत नाही. किंमत स्वाराला मोजावी लागते. धोक्याचे हे विषम वाटप लक्षात घेता ही रूढी आपोआप सुधारेल अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

पूर्वी ‘पुढे जा’ हे सांगण्यासाठी चालकाचा किंवा क्लीनरचा हात खिडकीबाहेर येत असे, आणि पाचव्या खुणेत त्याची तरतूदही होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहनांच्या चालककक्षात वातानुकूलन आवश्यक ठरविण्यात आले आहे. चालकांच्या श्रमाचा आणि आरोग्याचा विचार करता हा निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र खिडक्या बंद झाल्यावर हात बाहेर येणार नाही आणि सारा भार दिव्यावर पडेल. म्हणूनच दिव्याचा अर्थ एकच असणे पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे झाले आहे.

शासनाची भूमिका

सामायिक अर्थ असलेला संकेत ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने तो वापरल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि त्याच्या लाभापासून कोणालाही वगळता येत नाही. अशी वस्तू बाजारव्यवस्था पुरेशा प्रमाणात निर्माण करीत नाही. एखाद्या चालकाने एकट्यानेच रूढी बदलावयाचे ठरविले, तर इतर जुन्याच रूढीने वागत असल्यामुळे तो स्वतःच संकटात येतो. बदल सर्वांनी एकाच वेळी करावा लागतो. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी संपूर्ण देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. दीर्घ पूर्वतयारी, व्यापक लोकशिक्षण आणि एक निश्चित दिवस यांमुळे ते शक्य झाले. त्या तुलनेत एका दिव्याचा अर्थ निश्चित करणे हे लहान काम आहे.

या दिशेने तीन उपाय संभवतात. पहिला, परवान्यापूर्वीच्या प्रशिक्षणात खुणा केवळ पाठ न करवून घेता दुचाकी व अवजड वाहनांच्या चालकांना परस्परांच्या अडचणी समजावून देणे. दुसरा, मोटारसायकलस्वारासाठी त्याच्या मोकळ्या हाताचा विचार करून स्वतंत्र मार्गदर्शन तयार करणे : प्रथम दिशादर्शक, हाताची खूण वळणापूर्वी सरळ रस्त्यावर, आणि प्रत्यक्ष वळताना दोन्ही हात मुठींवर. तिसरा, उजव्या दिशादर्शकाचा ‘पुढे जा’ हा अर्थ बाद करण्यासाठी ट्रकचालकांच्या संघटना, महामार्गावरील ढाबे आणि पथकर नाके यांच्यामार्फत देशव्यापी मोहीम राबविणे.

समारोप

रस्ते सुरक्षेची चर्चा बहुधा रुंद रस्ते, दंड आणि यंत्रणा यांभोवती फिरते. या बाबी आवश्यक आहेतच. परंतु रस्त्यावरील प्रत्येक क्षणी अनोळखी माणसे एकमेकांच्या खुणांवर विसंबून निर्णय घेत असतात. तो विश्वास टिकविण्यास सिमेंट लागत नाही. अर्थाचे एकमत लागते. ते एकमत निर्माण करणे ही शासनाची जबाबदारी आहे, आणि ते पाळणे ही प्रत्येक स्वाराची. त्यात सर्वाधिक पणाला लागलेला असतो तो दुचाकीस्वाराचा जीव.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ‘सामायिक संकेत ही सार्वजनिक वस्तू आहे.’ रस्ते सुरक्षेच्या संदर्भात या विधानाची चर्चा करा.
२. असममित माहिती आणि समन्वयाचा प्रश्न यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
३. स्वयंस्फूर्त रूढी कोणत्या परिस्थितीत पुरेशी ठरते आणि कोठे शासनाचा हस्तक्षेप आवश्यक होतो?