टाकीत लाल पाणी, खणात बर्फ

प्रश्न : आमचं घर बुरोंडीत, बंदरापासून चालत दहा मिनिटांवर. अंगणात जमिनीखाली सिमेंटची टाकी आहे. तोंड दोन फूट बाय दोन फूट. त्यावर लोखंडी पत्र्याचं झाकण, पायात येऊ नये म्हणून अंगणाच्या सपाटीला बसवलेलं. दर पावसाळ्यात टाकीत लालसर पाणी उतरतं. रबरी पट्टी लावून झाली, सिलिकॉन भरून झालं, एका वर्षी डांबरही ओतलं. उलट माझ्या काकांच्या होडीवर मासळीच्या खणाला नुसतं लाकडी झाकण आहे. रबर नाही, वरून लाटांचं पाणी येतं, तरी खाली बर्फ टिकतो. हे कसं? आणि आमची आजी म्हणते, पाणी कोंडून ठेवू नये, त्याला वारा लागला पाहिजे. तिच्या म्हणण्यात काही तथ्य आहे का?
— एक वाचक, बुरोंडी (ता. दापोली)

उत्तर : काकांना एकदा विचारून पाहा, खणात पाणी खरंच येत नाही का? ते हसतील. येतं, थोडं येतंच. लाकडी झाकणातून झिरपलेलं पाणी आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी तळाशी उतरतं आणि खलाशी ते उपसून टाकतात. खणातलं पाणी कुणी पीत नाही, त्यामुळे चार तांबे आत आले तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. तुमच्या टाकीत चार तांबे गढूळ पाणी आलं की सगळं घर नाक मुरडतं. म्हणजे तुलना अगदी बरोबरीची नाही. तरीही होडीचं झाकण तुमच्या झाकणापेक्षा चांगलं आहे हे तुमचं निरीक्षण खरं आहे, आणि त्याचं कारण रबरात नाही, उंचीत आहे.

आता गेलात की खणाचं तोंड नीट बघा. ते होडीच्या फळ्यांच्या सपाटीला नसतं. तोंडाभोवती चारी बाजूंनी उभा काठ असतो आणि झाकण त्या काठावर टोपीसारखं बसतं. लाटेचं पाणी फळ्यांवरून धावतं, काठाला आपटतं आणि वळून बाहेर जातं. झाकणाच्या फटीपर्यंत पोचतात ते फक्त शिंतोडे. वारा चढला की वरून ताडपत्री टाकून दोरीनं आवळतात. मोठ्या मालवाहू जहाजांवर या तोंडाला आपले जुने खलाशी फलका म्हणत, आणि त्याचा काठ किती उंच असावा हे १९६६ सालच्या आंतरराष्ट्रीय भाररेषा करारात लिहून ठेवलं आहे: जहाजाच्या पुढच्या उघड्या भागात किमान ६०० मिलिमीटर, इतर काही ठिकाणी ४५०. इतकी पोलादी ताकद हाताशी असूनही जहाज बांधणाऱ्यांनी आधी काठ उंच केला आणि मगच रबराचा विचार केला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही नेमकं उलट केलंत. उभ्या दारावर पाऊस पडला तर पाणी घसरून खाली जातं, फटीशी थांबत नाही. आडव्या दारावर, म्हणजे तुमच्या झाकणावर, ते थांबतं. दापोली परिसरात वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातल्या एखाद्या सरीनं अंगणात दहा सेंटिमीटर पाणी तुंबलं, तर तुमच्या दोन फुटी झाकणावर सदतीस किलोंचा भार येतो. पत्रा मधे वाकतो, कडा किंचित उचलतात, आणि पाणी तासन्‌तास फटीवर दाब देत उभं राहतं. अशा वेळी कुठलीही रबरी पट्टी आज ना उद्या हरणारच.

शिवाय पाण्याला खाली उतरायलाच फट लागते असं नाही, ते फटीतून वर चढतंही. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. स्वच्छ अशा दोन पृष्ठभागांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट असेल तर पाणी तीनएक सेंटिमीटर वर ओढलं जाऊ शकतं. म्हणून झाकणाची कड काठाला जितकी चिकटून बसवाल तितका हा धोका वाढतो. आपल्याला वाटतं घट्ट म्हणजे चांगलं, पण झाकणाच्या बाहेरच्या कडेला ते खरं नाही. तिथे बोटभर मोकळी जागा हवी. एक सेंटिमीटरच्या फटीत पाणी दीड मिलिमीटरही धड चढत नाही, थेंब होऊन गळून पडतं. आपल्या कौलारू घराची वळचण हेच करते. भिंत कोरडी राहते ती कौल भिंतीला चिकटलेलं असतं म्हणून नव्हे. ते भिंतीच्या पुढे आलेलं असतं आणि पागोळ्या दूर पडतात, म्हणून.

तेव्हा तुमच्या टाकीला पहिली गोष्ट हवी ती काठ. किमान वीतभर, आणि अंगणात मागे कधी पाणी तुंबलं असेल तर त्या खुणेच्या वर वीतभर. जांभ्याच्या चिऱ्याचा काठ चालेल, पण जांभा सच्छिद्र असतो, म्हणून आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घ्या. वीतभर हा आकडा तुंबलेल्या पाण्यासाठी, मातीचं वेगळं. पावसाळ्यात तुमच्याकडच्या घरांच्या भिंतींना खालून लाल पट्टा उमटतो ना, तो किती उंच जातो पाहा. थेंब जमिनीवर आपटून माती तितकी उडवतात. काठाभोवती हातभर फरशी किंवा खडी टाकलीत तर ही उडणारी माती बरीच कमी होईल. तुमच्या शेजारच्या लाडघरच्या तामसतीर्थ किनाऱ्यावर लाल पाणी शोभून दिसतं, टाकीत नाही.

झाकणाला चारी बाजूंनी खाली वळलेली, चार बोटं खोल कड हवी, म्हणजे ते डब्याच्या झाकणासारखं काठाच्या बाहेरून उतरेल. मधे त्याला थोडं पोट द्या, पाणी साचू नये म्हणून. पत्रा तुमच्या खाऱ्या हवेत तीन-चार पावसाळ्यांत कुरतडला जातो. त्यापेक्षा तुमच्या गावात फायबरच्या होड्यांची डागडुजी करणारे कारागीर असतील त्यांना विचारा. जो माणूस होडीचा तळ सांधतो त्याला दोन फुटांचं खोल कडेचं झाकण ओतणं अवघड नाही, आणि ते गंजणारही नाही. फक्त आतून दोन आडव्या पट्ट्या घालून ते ताठ करून घ्यायला सांगा.

रबर येतं ते यानंतर. काठ आणि झाकणाची वळलेली कड यांनी जवळजवळ सगळं पाणी बाहेर ठेवल्यावर उरलेले शिंतोडे, धूळ, मुंग्या आणि डास अडवायला. पट्टी काठाच्या माथ्यावर, म्हणजे झाकणाच्या वळलेल्या कडेच्या आत बसवा. उघड्यावर सपाट ठेवलेली पट्टी म्हणजे धूळ साचायची फळी, आणि अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा एक कण तिच्यावर बसला की दोन्ही बाजूंना फट उघडते. स्पंजाची पट्टी घेऊ नका. आमच्या घरी मी एकदा तीच चूक केली: स्वस्त, मऊ, लावायला सोपी. गणपतीपर्यंत ती पाणी पिऊन फुगली आणि दसऱ्याला तिच्यावर काळी बुरशी होती. मिटलेल्या छिद्रांची, ईपीडीएम नावाच्या रबराची पट्टी मागा. गाडीच्या दाराला असते तशी पोकळ पट्टी उत्तम. साधं रबर उन्हानं तडकतं, हे त्या मानानं खूप टिकतं.

पट्टी दबली तरच काम करते. साधारण पाव हिश्शानं दबायला हवी, आणि सगळीकडे सारखी. चार कोपऱ्यांत चार स्क्रू आवळले की कोपरे दबतात आणि मधल्या कडा उचलतात. तुमच्या लोखंडी पत्र्याचं हेच झालं असणार. म्हणूनच झाकण ताठ हवं. जहाजावर रबर सपाट पोलादावर टेकत नाही, खालच्या काठाची अरुंद पट्टी त्यात रुतते, आणि त्या रेषेच्या आतल्या बाजूला एक पन्हळ असते. रबर चुकवून जे थेंब येतात ते पन्हळीत पडतात आणि नळीनं बाहेर जातात. घरच्या टाकीला एवढा खटाटोप नको. पण त्यामागचा विचार घ्या: पहिली फळी चुकणार हे गृहीत धरून दुसरी आधीच तयार ठेवलेली आहे. सिलिकॉन भरून झाकण चिकटवून टाकणं हा त्याच्या अगदी उलटा मार्ग. टाकी धुवायची वेळ आली की ते फाडावं लागतं, आणि फाडलेलं पुन्हा जुळत नाही.

आता आजींकडे येतो. त्यांचं म्हणणं मला तुमच्या सगळ्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाटलं.

पंप लावून तुम्ही हजार लिटर पाणी वरच्या टाकीत चढवता तेव्हा खालच्या टाकीत हजार लिटर हवा शिरावी लागते. ती कुठून शिरते? तुम्ही सगळं बंद केलं असेल तर जी एखादी बारीक फट राहिली आहे तिथूनच. आणि त्याच फटीवर पावसाचं लाल पाणी उभं असेल, तर हवेच्या आधी ते आत ओढलं जातं. उन्हात तापलेल्या झाकणावर अचानक सर आली की आतली हवा आकसते, तेव्हाही थोडं असंच होतं. म्हणजे तुम्ही दर वर्षी जितकं घट्ट करत गेलात तितकी टाकी उरलेल्या फटीतून जोरानं श्वास घेत गेली. तिला नाक द्या. काठाच्या बाजूनं एक नळी वर काढा, छत्रीच्या मुठीसारखी वळवून तोंड खाली करा, आणि त्यावर मच्छरदाणीची जाळी घट्ट बांधा. जाळी हवीच. ओसंडून जाणाऱ्या पाण्याच्या नळीलाही हवी, नाहीतर झाकण कितीही चांगलं असलं तरी डास आणि उंदीर त्या नळीतून येतील. उंदराच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो कोकणाला नवा नाही.

‘पाणी बंद करू नये’ आणि ‘डास आत जाऊ नयेत’ या दोन गोष्टींचा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला आणि शहरातल्या विहिरींमध्ये वाढणाऱ्या डासांवर बोट ठेवलं. पालिकेनं विहिरी बुजवण्याचे आणि झाकण्याचे हुकूम काढायला सुरुवात केली. विहिरीची पूजा करणारे पारशी आणि हिंदू कुटुंबप्रमुख कळवळून अर्ज करू लागले. झाकण घाला, पण त्यात एक दार ठेवा, पाण्यापाशी जाता आलं पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. रुस्तम मसानी तेव्हा पालिकेत होते. पुढे ते आयुक्त झाले. या अर्जांमधूनच त्यांना विहिरींच्या लोककथांचा विषय सापडला आणि १९१८ साली त्यावर त्यांचं पुस्तक निघालं. श्रद्धा आणि आरोग्य यांच्या मधोमध उभं राहिलं ते असं एक आडवं दार.

पण टाकीला दिलेलं मोकळं नाक म्हणजे बेफिकीर नाक नव्हे. १९८० साली ‘डर्बीशायर’ हे खनिज नेणारं प्रचंड जहाज जपानजवळ वादळात बुडालं आणि ४४ माणसं गेली. पुढे समुद्राच्या तळाचा शोध घेतल्यावर कळलं की पाणी प्रथम शिरलं ते नाळेजवळच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, हवेच्या नळ्या मोडून. पुढचा भाग जड होऊन खाली गेला, लाटा फलक्यांवर कोसळू लागल्या आणि ते पिचले. तुमच्या नळीलाही घट्ट आधार द्या. पोरांनी चेंडू मारला की मोडेल अशी नको.

जमिनीखाली पाण्याऐवजी काही कोरडं साठवायचं असेल तर मात्र आजींचं म्हणणं उलटं फिरवावं लागतं. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीतल्या पेवांत ठेवत. तोंड लहान, ते बंद करून वर मातीचा उंचवटा. आत हवा खेळत नसे, म्हणून कीड लागत नसे. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, आधी कंदील सोडून तो विझतो का ते बघत. २००५च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, कारण पुराचं पाणी त्या उंचवट्याच्याही वर गेलं. उंचीचा हिशोब चुकला की कुठलंच तोंड टिकत नाही. आणि कंदिलाची ती रीत तुम्हीही लक्षात ठेवा: बंद टाकी धुवायला उतरण्याआधी झाकण बराच वेळ उघडं ठेवा, एकटे उतरू नका, वर माणूस उभा करा.

हा सगळा खर्च करण्याआधी एक खात्री करून घ्या. लाल पाणी झाकणातूनच येतं हे नक्की आहे का? पावसाच्या एका रात्री झाकणावर आणि भोवती हातभर मोठी ताडपत्री पसरा, कडांना चिरे ठेवा, आणि त्या रात्री पंप लावू नका. सकाळी पाणी तरीही लाल असेल तर झाकणाचा दोष नाही. मग टाकीच्या भिंतीला तडा आहे किंवा ओसंडणीच्या नळीतून माती उलटी येते आहे, आणि त्यासाठी गवंडी लागेल.

झाकणच दोषी ठरलं तर काम मे महिन्यात उरका. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायचे दिवस तेच, तेव्हा फायबरचे कारागीर मिळणं कठीण असतं. एप्रिलमध्येच सांगून ठेवा. आणि झाकण बसवून झालं की पैसे देण्याआधी जहाजावरची एक जुनी तपासणी करा. खडू घ्या, काठाच्या माथ्यावर चारी बाजूंनी जाड फासा, झाकण लावून आवळा आणि पुन्हा उघडा. रबरावर पांढरी रेघ उमटलेली दिसेल. जिथे ती तुटली असेल तिथे बोट ठेवून कारागिराला दाखवा.