गाडी नवी, दिवा पिवळा

नवी गाडी दारात उभी राहिली की आमच्या सायखेड्यात दोन प्रश्न हमखास येतात: कितीला पडली आणि ॲव्हरेज काय देते. ती रोज किती पळणार, हे कोणी विचारत नाही. शोरूममध्येही मला कोणी विचारलं नव्हतं. गाडीच्या मीटरवर पिवळा दिवा लागला त्याचं कारण नेमकं तिथे होतं.

आमचा मळा गावाला लागूनच. सकाळी मोटर चालू करायला मळ्यात, तिथून कांद्याच्या लिलावाला उपबाजारात, दुपारी औषधांच्या दुकानात, संध्याकाळी गोदावरीवरचा पूल ओलांडून चांदोरीत. गाडी दिवसभर कामात दिसते, पण एका दमात चार-पाच किलोमीटरच्या पुढे जात नाही. इंजिन जेमतेम गरम होतं तोवर किल्ली फिरवून आपण खाली उतरलेलो असतो. अशा गाडीत मी डिझेल घेतलं, कारण आमच्याकडे गाडी म्हणजे डिझेल हे ठरलेलंच. ती सवय डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं तेव्हाची. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलच्या दरावरचं नियंत्रण काढलं, पुढे दोन्हींतलं अंतर कमी होत गेलं. सवय मात्र तशीच राहिली.

दिवा लागला तेव्हा सूनबाई शेजारी बसली होती. धुराच्या डब्यासारखं चित्र आणि त्यात ठिपके. घरापुढे गाडी लावेपर्यंत ओट्यावर मंडळी जमलीच. कोणी म्हणालं सेन्सर गेला, कोणी म्हणालं डिझेलमध्ये भेसळ. आमच्या ट्रॅक्टरचं काम करणारा फिटर म्हणाला, "नाना, बॅटरीची वायर काढा, दहा मिनिटांनी लावा. दिवा गेला नाही तर मला सांगा."

फिटर कामाचा पक्का आहे, आणि अशाने दिवा कधीकधी जातोही. अडचण तीच आहे. गाडीतला कॉम्प्युटर दिवा लावताना बिघाडाचा एक कोड नोंदवून ठेवतो आणि त्या घडीला इंजिन किती तापलं होतं, किती फेऱ्यांवर होतं, वेग किती होता, हेही सोबत ठेवतो. अनेक गाड्यांत वायर काढली की ही नोंद पुसली जाते. मग सर्व्हिस सेंटरला गेल्यावर ते म्हणतात, कोड काही दिसत नाही, आणि आपल्याकडे दाखवायला काहीच उरत नाही. सूनबाई एवढंच म्हणाली, "नाना, आधी फोटो काढते." दिवा, किलोमीटर आणि घड्याळ एकाच फोटोत आलं. मग तिने डॅशबोर्डच्या कप्प्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पुस्तक काढलं. आमच्या गावात नव्या गाडीचं हे पुस्तक गाडी विकेपर्यंत त्याच पिशवीत राहतं.

पुस्तक सगळं वाचायला कोणाला वेळ नसतो; दिव्यांची दोन-तीन पानं तरी वाचावीत. सुरुवात रंगापासून करावी. लाल दिवा म्हणजे आत्ता, इथेच थांबा. तेलाच्या किटलीचं लाल चित्र लागलं तर इंजिनात ऑइलचा दाब नाही; "एवढं घरापर्यंत नेतो" म्हणणारा माणूस इंजिन बसवून घेतो. तापमानाचा लाल दिवा लागला तर बाजूला थांबून इंजिन बंद करा, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. उकळतं पाणी उसळून तोंडावर येतं. ब्रेकचा लाल दिवा लागला तर आधी हॅण्डब्रेक अर्धवट ओढलेला राहिलाय का बघा. तो सुटलेला असूनही दिवा जात नसेल तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, आणि मग गाडी पुढे न्यायची नाही. पिवळा दिवा म्हणजे गाडी चालेल, पण दखल घ्या. याला एक अपवाद आहे: इंजिनाचं पिवळं चित्र उघडझाप करत असेल तर इंधन नीट जळत नाही असं समजायचं. पेट्रोल गाडीत न जळलेलं पेट्रोल धुराच्या नळीत जाऊन तिथला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. अशा वेळी वेग कमी करून थांबावं. हिरवा आणि निळा दिवा फक्त माहिती देतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. किल्ली फिरवली की बरेच इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागतात आणि विझतात. गाडी स्वतःची तपासणी करते. त्या वेळी एखादा दिवा लागलाच नाही, तर तोही बिघाड असतो. जुनी गाडी घेताना हे नक्की बघा, कारण दिव्याची वायर काढून गाडी विकणारे लोक आहेत.

आता तो ठिपक्यांचा डबा. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस सिक्स नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत डीपीएफ नावाची सिरॅमिकची जाळी आली. इंजिनातली काजळी ती अडवते. चुलीच्या धुराड्यासारखी ही काजळी साठत जाते, फक्त ती झाडून काढता येत नाही, जाळावी लागते. त्यासाठी जाळीत सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. मोठ्या रस्त्यावर सलग चालणाऱ्या गाडीत काही काजळी आपोआप जळत राहते. ती साठलीच तर कॉम्प्युटर थोडं जास्तीचं डिझेल सोडून धूर तापवतो आणि दहा-वीस मिनिटांत जाळी साफ करतो. याला रिजनरेशन म्हणतात. माझी गाडी हे काम सुरू करायची आणि मी ती खताच्या दुकानापुढे बंद करायचो. काम अर्धवट राहायचं, काजळी वाढायची, शेवटी दिवा. गाडीत दोष काहीच नव्हता. ट्रॅक्टरच्या फिटरला हे माहीत असण्याचं कारण नाही. आमच्याकडच्या लहान ट्रॅक्टरना ही जाळीच नसते.

पहिल्यांदा दिवा लागतो तेव्हा उपाय स्वस्त असतो. गाडी गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्याला न्यायची आणि साठच्या पुढच्या वेगाने, दोन हजारांच्या आसपास फेऱ्या ठेवून वीसेक मिनिटं सलग चालवायची. नेमका आकडा आपापल्या पुस्तकात असतो, तोच पाळावा. आम्हाला चांदोरीहून औरंगाबाद रोड जवळ पडतो, आता त्याला संभाजीनगर रोड म्हणतात. निफाडच्या पुढे जाऊन परत फिरलं की काम होतं. मात्र उसाच्या हंगामात हे दिवसाउजेडी करा. उसाच्या ट्रॉल्यांना मागे लाल दिवे असतीलच असं नाही, आणि जाळी साफ करायला निघालेल्या माणसाने ट्रॉलीखाली जाण्यात अर्थ नाही.

रिजनरेशन चालू असल्याच्या खुणा कळायला लागल्या की निम्मा त्रास वाचतो. उभ्या गाडीत इंजिनाच्या फेऱ्या नेहमीपेक्षा थोड्या जास्त, खालून तापल्याचा वास, ॲव्हरेज अचानक खाली, आणि किल्ली काढल्यावरही पंखा फिरत राहिलेला. असं दिसलं तर बंद करू नका, एक फेरी वाढवा. आणि अशी तापलेली गाडी उसाच्या पाचटावर किंवा वाळल्या गवतावर कधीही उभी करू नका. पुस्तकात ही सूचना बारीक अक्षरात असते, आपल्या शिवारात ती मोठ्या अक्षरात हवी.

दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी स्वतःची ताकद कमी करून घेते, मग सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून जाळी साफ करावी लागते. तेही जमलं नाही तर जाळी बदलण्याचा खर्च येतो, आणि जाळी चोंदण्याला वॉरंटी लागू होत नाही असं सांगितलं जाऊ शकतं. म्हणून वॉरंटीचं पान आधीच वाचावं. शिवाय रिजनरेशन वारंवार अर्धवट राहिलं तर जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढल्यावर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसलं तर खूश होऊ नका. ते ऑइल पातळ झालेलं असतं, तातडीने बदलावं लागतं. बदलतानाही कॅनवरचा दर्जा पुस्तकाशी ताडून बघा. या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. ट्रॅक्टरसाठी घरात पडलेलं ओतलं तर त्याची राख जाळीत बसते, आणि राख कितीही तापवली तरी जळत नाही.

जाळी काढून टाकून देणारेही भेटतात. "एकदाची कटकट जाईल," म्हणतात. ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि तो धूर शेवटी आपल्याच नातवंडांच्या नाकात जातो.

मळ्यातल्या ड्रमचं डिझेल नव्या गाडीत टाकू नका, हेही सांगून ठेवतो. ड्रममध्ये थंडीत पाणी साचतं, आणि निफाडची थंडी काय असते ते आपल्याला माहीत आहे. डिझेल फिल्टरमध्ये पाणी आल्याचा वेगळा दिवा असतो. तो लागला तर फिल्टरमधलं पाणी काढून घेतल्याशिवाय फिरू नका, नाहीतर इंजेक्टरपर्यंत बात जाते. उंदरांनी वायर कुरतडल्यानेही दिवे लागतात. कांदा चाळीशेजारी गाडी लावणाऱ्यांनी बॉनेट अधूनमधून उघडून बघावं.

माझी खरी वादावादी झाली ती सर्व्हिस सेंटरमध्ये. नाव घेत नाही. पहिल्या खेपेला तिथल्या पोराने स्कॅनर लावला, दिवा घालवला आणि म्हणाला, "काही नाही काका, हायवेला फिरवत जा." सल्ला बरोबर होता, पण जॉब कार्डवर त्याने "जनरल चेकअप" एवढंच लिहिलं. दिवा पुन्हा लागला तेव्हा आधीच्या तक्रारीची नोंदच नव्हती. त्या खेपेला मी काउंटरवरून हललो नाही. माझी तक्रार माझ्या शब्दांत, स्कॅनरने दाखवलेला कोड, त्या दिवशीचे किलोमीटर आणि काय काम केलं ते, सगळं लिहून घेतलं. सूनबाईने काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवरही पाठवला. आपल्याकडे तोंडी बोलण्यावर फार विश्वास. शेजाऱ्याशी व्यवहार करताना तो ठीक आहे, काउंटरवर नको.

गाडीत खरोखरच दोष निघाला आणि दाद मिळेना, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं. आपल्याला तो नाशिकला. तिथे जॉब कार्डांची फाइलच बोलते. आपल्या मॉडेलच्या गाड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावल्यात का, हेही कंपनीच्या संकेतस्थळावर सतरा अंकी-अक्षरी चॅसिस नंबर टाकून बघता येतं. ती दुरुस्ती फुकट असते.

पुराचं वेगळं सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला आणि सायखेडा-चांदोरीत काय झालं ते आपण पाहिलं. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचा कोणताही दिवा भरवशाचा नसतो. "चालू होते का बघू" म्हणून किल्ली फिरवली की सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी इंजिन मोडतं, आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुधा नाकारलं जातं. क्रेनने ओढून न्या. नदीकाठी राहणाऱ्याने विमा काढतानाच इंजिन प्रोटेक्ट कव्हर मागून घ्यावं. एजंट आपणहून सांगेल याची वाट बघू नये.

परवा पिंपळसचा एक पाहुणा विचारत आला, पेट्रोल घेऊ की डिझेल. मी त्याला रोजच्या फेऱ्या मोजायला लावल्या. मळा, शाळा, दूध डेअरी, आणि आठवड्यातून एकदा नाशिक. सांगितलं, पेट्रोल घे. मारुतीसारख्या कंपनीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंदच केल्या, त्यालाही काही हिशेब असेल. त्याच्या भावाचा टोमॅटोचा व्यापार, तो दर आठवड्याला मुंबई-सुरत करतो. त्याने डिझेलच घ्यावं. पाहुणा म्हणाला, "पण नाना, पाव्हण्यारावळ्यांत डिझेल गाडी भारी दिसते हो." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला गाडीचं पुस्तक वाचायला दिलं आणि दिव्यांच्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला.