आधी टॉर्च, मग होल्स्टर, मग लाइट

पिस्तुलाला लाइट लावायचा म्हटलं की दुकानात पहिला प्रश्न निघतो: किती लुमेन? माझ्या अनुभवाने हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारावा.

मी टेक्सासमध्ये, डॅलसजवळ राहतो आणि ग्लॉक ४३एक्सचं रेल (नळीखालची, लाइट अडकवायची खाचेची पट्टी) असलेलं मॉडेल कमरेला, कपड्यांखाली बाळगतो. त्याला स्ट्रीमलाइटचा टीएलआर-७ सब लावला. ‘या मापाचे सगळे लाइट यात बसतात,’ असं सांगून दुकानदाराने एक होल्स्टर दिला. घरी पिस्तूल रिकामं केलं, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलं आणि ते होल्स्टरमध्ये घातलं. बाजूच्या फटीतून माझं बोट थेट ट्रिगरपर्यंत पोचलं. लाइट ट्रिगर गार्डपेक्षा रुंद असतो. त्याला वाट द्यायची म्हणून होल्स्टरचं तोंडच फाकलेलं होतं. जिथून बोट जातं तिथून शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरीही जाते. ग्लॉकला वेगळी हाताने लावायची सेफ्टी नसते, त्यामुळे ही फट जिवावर बेतू शकते. होल्स्टर लगेच परत केला.

म्हणून आधी तुमच्या पिस्तुलाच्या आणि लाइटच्या नेमक्या जोडीसाठी बनवलेला होल्स्टर मिळतो का, ते बघा. मिळत नसेल तर तो लाइट सोडून द्या. असे बरेच होल्स्टर पिस्तुलाऐवजी लाइटवरच पकड घेतात. लाइट काढून तोच होल्स्टर वापरलात तर पिस्तूल सैल बसतं, हेही ध्यानात ठेवा.

रेलचंही तसंच. २०१९ साली आलेल्या मूळ ४३एक्सला रेल नव्हती. एमओएस मॉडेलला ती आहे, पण अरुंद. सिगच्या पी३६५ची रेल वेगळ्याच घडणीची. त्यामुळे एकाच नावाचा लाइट वेगवेगळ्या पिस्तुलांसाठी वेगळा येतो. खोक्यावरचं पिस्तुलाचं नाव वाचूनच घ्या.

त्यानंतर बटण. टेक्सासमधल्याच प्लेनो शहरात २०१० साली अमली पदार्थविरोधी कारवाईत पोलिसाच्या गोळीने एक तरुण मेला. पिस्तुलावरचा लाइट लावायला गेलो आणि गोळी सुटली, असं त्या अधिकाऱ्याचं म्हणणं होतं. ताणाखाली एक बोट आवळलं की शेजारची बोटंही आवळली जातात. म्हणून लाइट दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लावता यायला हवा; ट्रिगरच्या बोटाकडे हे काम कधीच देऊ नका. रिकाम्या पिस्तुलावर, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून याचा सराव करा.

आता लुमेन. टीएलआर-७ सब ५०० लुमेनचा, शुअरफायरचा एक्सएससी ३५० चा, ट्रिगर गार्डला बिलगणारा टीएलआर-६ शंभराचा. लुमेन म्हणजे एकूण प्रकाश. झोत किती दूर पोचतो ते कँडेलावर ठरतं. घरातल्या अंतराला ५०० लुमेन भरपूर होतात. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत रोख जमिनीकडे ठेवला तरी समोरचा माणूस ओळखू येतो.

मला सगळ्यांत कळकळीने सांगायचंय ते हे: पिस्तुलावरचा लाइट शोधण्यासाठी नाही. तो जिकडे वळतो तिकडे नळीही वळते. रात्री खुडबुड ऐकून त्याने घर धुंडाळलंत, तर पाण्याला उठलेल्या मुलावर किंवा भारतातून आलेल्या आईवर तुम्ही भरलेलं पिस्तूल रोखलेलं असेल. शोधायला हातातला साधा टॉर्च. धोका ओळखून पिस्तूल उचलावं लागलं, तरच त्यावरचा लाइट.

लाइट बसवताना किंवा बॅटरी बदलताना पिस्तूल रिकामं करा, कारण हात नळीच्या तोंडाजवळ जातो. रेंजवरून आल्यावर काचेवरची काजळी पुसा. ती साचली की प्रकाश मंदावतो. बॅटरी ठरावीक तारखेला बदला.

आणि एक कायद्याचं. एच-वन बी व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडता केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ ठेवायलाच मनाई आहे. मित्राने कौतुकाने हातात दिली तरी आधी वकिलाला विचारा.

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर चांगला हातातला टॉर्च घ्या. घरात कोण आहे ते त्याने आधी कळतं, आणि बहुतेक रात्री तेवढंच कळायला हवं असतं.