टीका ऐकताना



दीक्षा घेतलेल्या घराकडे गावाची नजर असते. देव्हाऱ्यातला टाक निघाला का, जत्रेला बोकड कापला का, हे शेजारी बारकाईने पाहतात. बौद्ध झालात, पण बदललात कुठे, हा टोमणा तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल.

दीघनिकायातील पहिले सुत्त, ब्रह्मजाल सुत्त, निंदेच्या प्रसंगापासूनच सुरू होते. राजगृह ते नालंदा या वाटेवर सुप्पिय नावाचा परिव्राजक भिक्खूसंघाच्या मागून चालत बुद्ध, धम्म व संघ यांची निंदा करीत होता. त्याचाच शिष्य ब्रह्मदत्त मात्र स्तुती करीत होता. पहाटे भिक्खूंमध्ये ही चर्चा चालली असता तथागतांनी त्यांना विचारले की, निंदा ऐकून तुम्ही संतापलात तर तिच्यात खरे किती व खोटे किती हे तुम्हाला कळेल काय? जे खोटे असेल ते खोटे म्हणून उलगडून सांगावे, पण रागावू नये. स्तुतीनेही फुलून जाऊ नये. (हा दुसरा भाग आपण सोयीने विसरतो!)

मात्र एक गैरसमज नको. पिढ्यान् पिढ्या जोहार घालायला लावलेल्या समाजाला 'नम्र व्हा' म्हटले की जुनी लाचारी आठवते. ती नम्रता ही नव्हे. जातीवरून केलेला अपमान ही टीका नसून अन्याय आहे; त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

टोमण्यात सत्य असेल तेव्हा खरी कसोटी लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. शेजाऱ्याने आपल्या बाटलीवर बोट ठेवले, तर 'तुम्ही तरी कुठे सोवळे?' म्हणून कसे चालेल? मज्झिमनिकायातील अनुमान सुत्तात महामोग्गल्लान स्थविर नेमक्या याच खोडी सांगतात: दोष दाखवणाऱ्यावरच उलटणे, विषय भलतीकडे नेणे, राग धरणे. तरुण-तरुणी आरशात चेहऱ्यावरचा डाग दिसताच तो पुसून टाकतात, तसे स्वतःला पाहावे, असा दाखला ते देतात.

घरात हे अधिक अवघड. सुनेने किंवा शाळकरी पोराने चूक दाखवली की कर्त्या माणसाचा आवाज चढतो. सारिपुत्तांविषयी परंपरेत सांगतात की, चीवराचे टोक लोंबते आहे असे सात वर्षांच्या सामणेराने म्हणताच त्यांनी बाजूला जाऊन ते नीट केले, आणि परत येऊन, हात जोडून, आता ठीक झाले का असे त्यालाच विचारले.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर अनुमान सुत्त घरी वाचा. वाचायला घरातल्या सर्वांत लहान, वाचता येणाऱ्या मुलाला बसवा आणि वाचन संपल्यावर त्याला काय बोलायचे आहे ते मध्येच न तोडता ऐका.