दोघांचा खेळ

मंडळी, आजचा धडा खेळाचा आहे. कोणी म्हणेल, "गुरुजी, खेळ पोरांचा. आम्हां मोठ्या माणसांना त्याचं काय?" जरा धीर धरा. हा धडा जोडीने काम करणाऱ्या सर्वांसाठी आहे. होडीवर दोघे असतात. मिठागरात दोघे असतात. घरसंसारही दोघांचाच असतो. दोघांचे पटले तर काम पुढे जाते. नाही पटले तर काय होते, ते आपण सारे जाणतो.

१. खेळ कसा असतो

बॅडमिंटनचा खेळ आता गावोगाव पोचला आहे. आपल्या उरणच्या बाजूलाही संध्याकाळी मुले अंगणात दोरी बांधून तो खेळताना दिसतात. हातात तारांची हलकी बॅट असते. तिला रॅकेट म्हणतात. चेंडूऐवजी पिसांचे फूल असते. त्याला १६ पिसे असतात आणि वजन जेमतेम ५ ग्रॅम. वाऱ्याच्या झुळकेने ते भलतीकडे जाते. म्हणून मोठे सामने बंद सभागृहात होतात.

मैदान ४४ फूट लांब असते. दोघांविरुद्ध दोघे खेळतात तेव्हा ते २० फूट रुंद धरतात. मधे जाळी असते, मधोमध ५ फूट उंच. आपल्या बाजूला फूल जमिनीवर पडले की समोरच्यांना एक गुण मिळतो. जो आधी २१ गुण करील त्याचा डाव. मात्र दोघांचे २०-२० झाले, तर दोन गुणांनी पुढे जावे लागते. मग डाव २१ च्या पुढेही लांबतो. तीन डावांपैकी दोन जिंकले की सामना जिंकला.

या खेळाचे आपल्या मुलखाशी जुने नाते आहे बरं का. इंग्रजांच्या काळात पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी हा खेळ खेळत. म्हणून त्याला 'पूना' असेही नाव पडले होते. पुढे सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकर यांनी १९५६ साली मलायात जाऊन स्पर्धा जिंकली. परदेशात अशी स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय खेळाडू.

२. दोन गावचे दोन मुलगे

मोरा बंदरावर उभे राहिले की खाडीपलीकडे मुंबई दिसते. त्या मुंबईत ४ जुलै १९९७ रोजी चिराग शेट्टीचा जन्म झाला. मुंबईच्या गोरेगाव भागात उदय पवार हे जुने खेळाडू मुलांना बॅडमिंटन शिकवत. चिराग त्यांच्या हाताखाली तयार झाला. पुढे शिकण्यासाठी तो हैदराबादला गेला. तेथे पुल्लेला गोपीचंद यांची मोठी खेळशाळा आहे.

दुसरा मुलगा आंध्र प्रदेशातला. आपल्या नाशिकजवळ उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या भागात अमलापुरम नावाचे गाव आहे. तेथे १३ ऑगस्ट २००० रोजी सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीचा जन्म झाला. आपण त्याला सात्त्विक म्हणू. त्याची भाषा तेलुगू. तोही हैदराबादच्या त्याच शाळेत आला.

एक समुद्रकाठच्या महानगरातला, दुसरा खेड्याकडचा. एक तीन वर्षांनी मोठा, दुसरा लहान. त्या वेळी मलेशियाचे तान किम हर हे तेथे शिक्षक होते. २०१६ च्या सुमारास त्यांनी या दोघांची जोडी लावली.

३. पुढे कोण आणि मागे कोण

आता खरी गोष्ट इथे आहे. नीट वाचा.

जोडीच्या खेळात दोघांनी एकाच जागी उभे राहून चालत नाही. आपण चढाई करत असलो, तर एकजण मागे राहतो आणि उडी घेऊन जोरात फटका मारतो. दुसरा पुढे जाळीपाशी थांबतो. समोरून फूल कसेबसे परत आले की तो ते टिपून खाली मारतो. समोरच्यांनी चढाई केली, तर हे दोघे लगेच शेजारी शेजारी उभे राहतात आणि अर्धे अर्धे मैदान सांभाळतात. या जागा क्षणाक्षणाला बदलतात.

मागून फटका मारणाऱ्याचे नाव होते. लोक टाळ्या त्यालाच देतात. पुढच्याचे काम बारीक असते. गुडघे वाकवून उभे राहायचे, नजर जाळीवर ठेवायची, एका क्षणात हात फिरवायचा. पाहणाऱ्याला ते फारसे कळतही नाही.

चिराग आणि सात्त्विक दोघेही सहा फुटांहून उंच. दोघेही मागून जोरात मारणारे. मग पुढे कोणी जायचे? एकाच होडीत दोन तांडेल झाले, तर वल्हे कोण मारणार? तसा हा प्रश्न होता.

तेव्हा चिराग पुढे गेला. जाळीपाशी कसे खेळायचे ते त्याने नव्याने शिकून घेतले. मागे सात्त्विकला मोकळी जागा मिळाली. त्याचा फटका किती जोराचा, ते २०२३ साली यंत्राने मोजले. रॅकेटवरून सुटताना फुलाचा वेग ताशी ५६५ किलोमीटर भरला. ही जगातली नोंद ठरली. पण पुढची बाजू चिरागने धरली नसती, तर एवढ्या जोराचाही किती उपयोग झाला असता?

अजून एक बारकावा सांगतो. फूल दोघांच्या अगदी मधे आले तर? दोघेही धावले तर रॅकेटवर रॅकेट आपटते. दोघेही थांबले तर फूल मधे पडते आणि गुण जातो. म्हणून चांगली जोडी खेळताना बोलत राहते. "माझं!" "तू घे!" अशी हाक द्यावी लागते.

हे आम्ही रात्रीच्या वर्गात सांगितले, तेव्हा एक कोळीण बाई म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या दोन घरांच्या मधलं गटार असंच आहे. ती म्हणते मी काढीन, मी म्हणते ती काढील. पाणी मात्र दोघींच्या दारात." सारा वर्ग हसला. पण बाईंनी धडा बरोबर ओळखला होता. मधे पडणारे काम दोघांचे असते. ते कोणी करायचे, हे तोंडाने बोलावे लागते.

४. जिंकूनही बाहेर

२०१९ साली या जोडीने थायलंडमधली मोठी स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात त्यांनी चीनच्या जगज्जेत्या जोडीला हरवले. लोकांना वाटले, आता काय, वाट मोकळी झाली.

२०२१ साली जपानच्या टोकियो शहरात ऑलिंपिकचे सामने झाले. त्यांच्या गटात चार जोड्या होत्या. पुढे दोनच जाणार होत्या. चिराग आणि सात्त्विक यांनी तीनपैकी दोन सामने जिंकले. पण आणखी दोन जोड्यांनीही दोन-दोन सामने जिंकले होते. मग जिंकलेल्या आणि गमावलेल्या डावांचा हिशेब झाला. त्यात आपली जोडी मागे पडली आणि स्पर्धेबाहेर गेली.

गंमत पाहा. त्या वर्षी सोन्याचे पदक तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांनी मिळवले. त्यांना संपूर्ण स्पर्धेत एकाच जोडीने हरवले होते. ती जोडी म्हणजे चिराग आणि सात्त्विक! सोनेवाल्यांना हरवणारे रिकाम्या हाताने घरी आले.

अशा वेळी माणूस काय करतो? भाग्याला दोष देतो, नाहीतर जोडीदाराला. "तू ते फूल सोडलंस म्हणून हे झालं." पुष्कळ जोड्या अशाच मोडतात. ही मोडली नाही.

५. इंडोनेशियाशी गाठ

बॅडमिंटनमध्ये इंडोनेशियाचे नाव फार मोठे आहे. हा हजारो बेटांचा देश. आपल्याकडे गल्लीत जसे क्रिकेट, तसे तिकडे बॅडमिंटन. विशेषतः जोडीच्या खेळात त्यांचा हात धरणे कठीण.

देशादेशांत थॉमस चषक नावाची स्पर्धा होते. ती १९४९ साली सुरू झाली. इंडोनेशियाने हा चषक १४ वेळा जिंकला होता. भारत कधी अंतिम सामन्यातही पोचला नव्हता. १५ मे २०२२ रोजी बँकॉक शहरात भारत आणि इंडोनेशिया समोरासमोर आले. एकूण पाच लढतींपैकी तीन जिंकायच्या होत्या. पहिली लढत आपल्या लक्ष्य सेनने जिंकली. दुसरी जोडीची होती.

समोर मोहम्मद अहसान आणि केविन सुकामुल्जो उभे होते. दोघेही जगात नावाजलेले. पण केविनचा नेहमीचा जोडीदार मार्कस गिडियन दुखापतीमुळे नव्हता. म्हणून ही जोडी नव्याने जुळवलेली होती. तरीही पहिला डाव त्यांनीच घेतला, २१-१८. दुसऱ्या डावात तर त्यांना सामना जिंकायला एकच गुण हवा होता. अशी वेळ एकदा नाही, अनेकदा आली. दर वेळी आपल्या जोडीने तो गुण अडवला. डाव २३-२१ असा आपला झाला. तिसराही आपला झाला, २१-१९. मग किदंबी श्रीकांतने तिसरी लढत जिंकली आणि थॉमस चषक पहिल्यांदा भारतात आला.

आम्हांला यात एक गोष्ट दिसते. समोरच्या दोघांत गुणांची उणीव नव्हती. पण कठीण वेळी सवयीच्या जोडीदाराची किंमत कळते. जोडी एका दिवसात होत नाही.

६. आठ वेळा हार, नवव्यांदा जीत

मलेशियाची एक जोडी होती, आरोन चिया आणि सोह वूई यिक. या जोडीपुढे आपल्या दोघांचे काही चालत नसे. एक-दोनदा नव्हे, आठ वेळा गाठ पडली आणि आठही वेळा आपले दोघे हरले. नवव्यांदा गाठ पडली ती १८ जून २०२३ रोजी, इंडोनेशियातल्या जकार्ता शहरात. अंतिम सामना होता. या वेळी आपली जोडी सरळ दोन डावांत जिंकली, २१-१७ आणि २१-१८. एवढ्या वरच्या दर्जाची स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय जोडी.

त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला चीनमध्ये हांगझोऊ येथे त्यांनी आशियाई खेळांचे सुवर्णपदक मिळवले. बॅडमिंटनमध्ये भारताला हे सोने पहिल्यांदाच मिळाले. काही दिवसांतच ते जगात पहिल्या क्रमांकावर पोचले. त्या वर्षासाठी सरकारने दोघांना मेजर ध्यानचंद खेलरत्न हा सन्मान जाहीर केला.

गोष्ट इथेच संपली असती, तर ती कथेतल्यासारखी झाली असती. पण आयुष्य तसे नसते. २०२४ साली पॅरिसला पुन्हा ऑलिंपिक झाले. पदकाची मोठी आशा होती. उपांत्यपूर्व फेरीत समोर आले तेच चिया आणि सोह. पहिला डाव आपण जिंकला आणि पुढचे दोन गमावले. पदक पुन्हा हुकले.

त्यानंतर २०२५ च्या फेब्रुवारीत सात्त्विकचे वडील वारले. घरात दुःख, मनात पराभव. तरी दोघे सरावाला उभे राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये जागतिक स्पर्धा झाली. शहर तेच पॅरिस, सभागृह तेच, फेरी तीच, आणि समोर पुन्हा तेच चिया आणि सोह. या वेळी आपली जोडी जिंकली, २१-१२ आणि २१-१९. पुढच्या फेरीत ते हरले, पण कांस्यपदक मिळाले. जागतिक स्पर्धेतले हे त्यांचे दुसरे पदक. पहिले २०२२ साली मिळाले होते.

७. आपण काय घ्यायचे

आपल्याकडे दोन भाऊ बांधावरून कोर्टात जातात. दोन भागीदार एक होडी घेतात आणि पहिल्याच तोट्याला ती विकतात. तोटा झाला की "चूक कोणाची?" हाच प्रश्न आधी निघतो. त्या प्रश्नाने गेलेला गुण परत येत नाही. पुढचे फूल मात्र यायचे थांबत नाही. ते घ्यायला दोघे तयार हवेत.

चिरागने नावाची जागा सोडून पुढची जागा धरली, म्हणून दोघांचे नाव झाले. आठ वेळा हरूनही दोघांनी एकमेकांचा हात सोडला नाही. आज घरी गेल्यावर आपल्या जोडीदाराशी एवढेच बोला: मधे पडलेले कोणते काम आहे, आणि ते कोणी घ्यायचे?

शब्दांचे अर्थ

चढाई : पुढे होऊन हल्ला करणे
तांडेल : होडीचा मुख्य माणूस
उपांत्यपूर्व फेरी : शेवटच्या आठांची फेरी
चषक : जिंकणाऱ्याला मिळणारा पेला
कांस्यपदक : तिसऱ्या क्रमांकाचे पदक

उत्तरे सांगा

१. जोडीच्या खेळात पुढच्या खेळाडूचे काम कोणते?
२. टोकियोला दोन सामने जिंकूनही ही जोडी बाहेर का गेली?
३. चिया आणि सोह यांना आपल्या जोडीने पहिल्यांदा कोठे हरवले?
४. तुमच्या घरात किंवा आळीत 'मधे पडलेले फूल' कोणते आहे? चार ओळी लिहा.