जुन्या घराची ओढ

जुन्या वस्तूंविषयी व स्थळांविषयी मनास जी ओढ वाटते, तिला कित्येक लोक वेडेपणा म्हणतात. हे म्हणणे बरोबर आहे काय, याचा विचार करू.

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या जलाशयात अनेक गावे बुडाली. इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव हे त्यांपैकी एक. तेथील लोकांस दुसरीकडे नवी घरे बांधावी लागली. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले म्हणजे तेथील पुरातन देवालय उघडे पडते. २०२४ सालीही तसे झाले. परक्यास तेथे केवळ पडके दगड दिसतात. ज्याचे बालपण तेथे गेले, त्यास आपले अंगण दिसते.

यावरून दोन गोष्टी समजून घ्याव्या. पहिली ही की, घर व जमीन यांचा पैसा मिळाला म्हणजे सर्व नुकसान भरून आले, असे नाही. उंबरठा, पाणवठा व शेजार यांचे मोल कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. म्हणून घरातील म्हातारी जुने जाते टाकू देत नसेल, तर तिला हसू नये.

दुसरी ही की, जाते स्वतः बोलत नाही. त्याची हकीकत सांगणारी गेली म्हणजे मागे दगडच उरतो. यास्तव तिच्याजवळ बसून ती हकीकत ऐकावी, लेकरांस सांगावी, व ज्यास लिहिता येते त्याने लिहून ठेवावी. हे काम लांबणीवर टाकू नये. कारण ओसरलेल्या पाण्यातून गाव पुन्हा दिसेल, परंतु गेलेले माणूस पुन्हा बोलणार नाही.