मनोविकारशास्त्राची वाट आणि परमुलखातील रुग्ण

रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळच्या किहीम, थळ, आवास या गावांतील नारळी-पोफळीच्या वाड्यांलगत बंगले उभे राहू लागल्यापासून त्यांची राखण करणारे नेपाळी चौकीदार आणि बांधकामावर राबणारे परप्रांतीय मजूर यांची वस्ती वाढत गेली आहे. त्यांच्या तापावर औषध मिळते, परंतु ज्याची झोप उडाली अथवा ज्याच्या कानांत नसलेले आवाज येऊ लागले, त्याने कोणाकडे जावे, हे त्याला ठाऊक नसते. वैद्यकाकडे वळणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या चिंतातुर पालकांनी मनोविकारशास्त्राचा विचार या निकडीपासून सुरू करावा.

बारावीनंतर 'नीट' ही प्रवेशपरीक्षा, साडेचार वर्षांचे एमबीबीएस, 1 वर्षाची आंतरवासिता, पुन्हा पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा आणि मग 3 वर्षांचे एमडी अथवा डीएनबी, अशी ही किमान साडेआठ वर्षांची मजल आहे. अलिबागेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाल्याने तिचा आरंभ घराजवळही होऊ शकतो. निवासी डॉक्टर झाल्यावर रुग्णाची हकीकत तपशीलवार टिपणे आणि थायरॉईड, अपस्मार किंवा मेंदूचा आजार यांपैकी काही मुळाशी आहे काय, याची शहानिशा करणे, हा नित्यक्रम होतो.

परमुलखातील रुग्णाची हकीकत सांगायला सोबत नातलग नसतो. तो स्वतः 'मन उदास आहे' असे क्वचितच म्हणतो, छातीत धडधडते, अन्न जात नाही, एवढेच सांगतो. अशा वेळी मुकादमाकडून घेतलेली उचल किती फिटली, एका खोलीत किती जण राहतात, गावी शेवटचे बोलणे केव्हा झाले, हे ज्याला आस्थेने विचारता येते, त्याच्याच हाती निदानाचा धागा लागतो. उपचारांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळावी, हा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला आहे; तेव्हा हिंदी चांगली बोलता येणे आणि जमल्यास आणखी एखादी भाषा शिकणे, हा या व्यवसायाच्या तयारीचाच भाग समजावा.

याच रायगड जिल्ह्यात, कर्जत येथे, मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे केंद्र आहे. नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिणाऱ्या एका तरुणाला वाटवानी दांपत्याने आपल्या रुग्णालयात नेले. इलाजाने तो सावरला, तेव्हा तो आंध्रातील सुशिक्षित घरचा पदवीधर असल्याचे उघड झाले. 1988 साली स्थापन झालेल्या या संस्थेने रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना बरे करून दूरदूरच्या प्रांतांतील त्यांच्या घरी पोहोचवले, आणि 2018 साली डॉ. वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून मुलाची अवहेलना होईल, मुलीचे लग्न अडेल, ही पालकांची भीती मी पुष्कळ घरांत ऐकतो. ती खोटी नाही. परंतु सरकारी रुग्णालये, अध्यापन आणि खाजगी व्यवसाय या तिन्ही ठिकाणी या तज्ज्ञांची वाण आहे, त्यामुळे चरितार्थाची विवंचना करण्याचे कारण नाही. निर्णय मात्र घाईने करू नये: आंतरवासितेत मनोविकार विभागात काम करताना, बोलण्यास नाखूश असलेल्या रुग्णाजवळ बसून राहण्याचा कंटाळा येत नाही, असे मुलाला वा मुलीला स्वतःला आढळले, तर पालकांनी निःशंकपणे संमती द्यावी.